सोलापूरचा उन्हाळा आणि लिथियमची गोळी : मानसिक रुग्णांच्या शुश्रूषेची पार्श्वभूमी

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. पत्र्याखालच्या यंत्रमागावर बारा तास उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून घामावाटे पाणी आणि मीठ सतत जात असतं. हाच माणूस उन्माद-नैराश्याच्या आजारासाठी लिथियम घेत असेल, तर वर्षभर सोसलेली गोळी त्याला याच दिवसांत बाधू शकते. अंगातलं मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातलं प्रमाण चढतं. रक्तात औषधी पातळी साधारण लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल आणि १.५ च्या पुढे विषबाधेची भीती, इतकी ही वाट अरुंद. त्यात कंबर दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून घेतलं, की प्रमाण आणखी वाढतं. जुलाब, उलट्या, हातांची जोरात थरथर, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं ही त्याची लक्षणं. घरच्यांना वाटतं, ऊन लागलं.

हे ओळखायचं कुणी? डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतात. गोळी आणि माणूस रोज एकत्र दिसतात ते आधी नर्सला आणि नंतर घरच्यांना. ही जबाबदारी त्यांच्याकडे कशी आली, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

इंग्रजांनी १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला, १९१२ साली त्याची जागा नव्या कायद्यानं घेतली. दोन्हींचा भर बंदोबस्तावर होता. मॅजिस्ट्रेटचा हुकूम निघायचा आणि रुग्णाची रवानगी व्हायची. सोलापूरकरांसाठी ते ठिकाण म्हणजे अडीचशे किलोमीटरवरचं, पुण्याच्या येरवड्यातलं मनोरुग्णालय. ‘येरवड्याला पाठवलं’ हे शब्द उच्चारताना अजूनही आवाज खाली येतो. त्या काळी राखण करणाऱ्याच्या हातात किल्ल्या असत, कारण द्यायला औषधच नव्हतं. ज्यांना एवढ्या लांब जाणं नको वाटे, ते गाणगापूरची वाट धरत. तिथल्या आरतीच्या वेळी घुमणाऱ्यांची गर्दी पाहिलेला माणूस त्या नातेवाइकांना हसणार नाही. दुसरं दार उघडं नव्हतं म्हणून ते तिथे गेले.

औषधांचं दार उघडलं, त्यात आपल्याकडच्या एका मुळीचाही वाटा आहे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली सर्पगंधेचा उपयोग उन्मादात होतो, असं लिहून ठेवलं. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचा गुण दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत हृदयविकाराचे रुग्ण मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खाऊन दगावले आणि ते विक्रीतून काढावं लागलं. मीठ कमी खाणाऱ्या माणसांत लिथियम साठतं, हा धडा तेव्हाच मिळाला होता. सोलापूरच्या उन्हात तोच धडा पुन्हा समोर येतो. १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिन आलं, १९५८ मध्ये हॅलोपेरिडॉल तयार झालं आणि वॉर्डातला आरडाओरडा शमू लागला.

इथून नर्सचं काम पालटलं. आधी माणूस पळून जाऊ नये म्हणून पाहायचं, आता त्याला गोळीनं काय होतंय ते पाहायचं. बंगळुरूच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे आजच्या निम्हान्समध्ये, १९५६ साली मानसोपचार शुश्रूषेची पदविका सुरू झाली, ती याच गरजेतून.

हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिल्यावर काही जणांची, विशेषतः तरुण मुलांची, मान एकाएकी वाकडी होते, डोळे वर फिरतात, जबडा आवळतो. जाणती सिस्टर लगेच डॉक्टरांना बोलावते आणि उताऱ्याचं इंजेक्शन दिल्यावर थोड्या वेळात मान सरळ होते. हेच घरी, रात्री घडलं तर? वाकडी मान आणि पांढरे डोळे पाहून ‘लागिर झालं’ असं आईला वाटलं तर तिचा काय दोष? गोळ्या बंद होतात, आजार उलटतो आणि खापर औषधावर फुटतं. डिस्चार्जच्या वेळी दोन मिनिटं काढून ‘असं होऊ शकतं, झालं तर लगेच या’ एवढं सांगितलं, तर एक माणूस उपचारात टिकतो. ही दोन मिनिटं मला गोळीइतकीच मोलाची वाटतात.

क्लोझापिन या मानसिक आजारावरच्या औषधाचा इतिहासही हेच सांगतो. १९७५ साली फिनलंडमध्ये या औषधामुळे पांढऱ्या पेशी घटून आठ रुग्ण गेले. पुढे ते परतलं, पण नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. ताप आणि घसादुखी या साध्या तक्रारी क्लोझापिन घेणाऱ्याच्या बाबतीत साध्या राहत नाहीत.

दरम्यान उपचार शहरातल्या साध्या रुग्णालयांत आले. मुंबईच्या जे. जे.मध्ये १९३८ सालीच मानसोपचार विभाग होता. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना रुग्णासोबत तंबूत राहू दिलं आणि घरचा माणूस शुश्रूषेचा भाग झाला. सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली निघालं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आला, त्याचा नमुना कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात झालेल्या प्रयोगाचा.

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवत त्या आश्रमाला लागलेल्या आगीत साखळदंडानं बांधलेली २८ माणसं जळाली. त्यानंतरच्या वादविवादातून घडत गेलेला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. साखळ्यांवर बंदी आली, भूल न देता शॉक देणं बंद झालं, सरकारी ठिकाणी अत्यावश्यक औषधं मोफत मिळण्याचा हक्क आला. कायद्यानं साखळी काढली हे थोर काम झालं. पण गोळ्यांचं पाकीट घरी गेल्यावर त्याच्यावर लक्ष कुणी ठेवायचं, हे घराघरातच ठरतं.

सोलापुरात हे आणखी अवघड आहे. पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, कुठे उर्दू, आणि पाकिटावर इंग्रजी. विड्या वळणारी बाई सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या रंगावरून ओळखते. कंपनी बदलली की रंग बदलतो. म्हणून ओपीडीतल्या सिस्टरनं गोळ्या हातावर काढून दाखवाव्यात, त्या बाईकडून तिच्या भाषेत परत म्हणवून घ्याव्यात आणि मार्च उजाडला की लिथियमवाल्या प्रत्येकाला विचारावं : पाणी किती पिता, मीठ बंद केलंय का, दुखण्यावर दुकानातून काय आणता, शेवटचं रक्त कधी तपासलं.