कॅन्सरनंतरची तपासणी गावच्या डॉक्टरकडे?

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपून चार वर्षे झाली, तरी काणकोणची बाई तपासणीसाठी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात जाते. पेडण्याची एखादी थेट मुंबईला, टाटा कॅन्सर रुग्णालयात. दिवस मोडतो, सोबत कुणीतरी लागते. तपासणी काय? विचारपूस, छाती आणि काख चाचपून पाहणे, वर्षाकाठी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. एवढे फॅमिली डॉक्टरला जमणार नाही?

कॅनडात हे पडताळून पाहिले. सुरुवातीच्या टप्प्यात उपचार झालेल्या 968 स्त्रियांची दोन गटांत यदृच्छेने विभागणी केली: निम्म्या फॅमिली डॉक्टरकडे, निम्म्या कॅन्सर केंद्राकडे. 2006 साली निष्कर्ष आले. रोग उलटून गंभीर प्रसंग ओढवला तो पहिल्या गटात 17 जणींवर, दुसऱ्यात 18 जणींवर. म्हणजे फरक नाहीच. त्याआधी इंग्लंडमध्येही असेच दिसले होते; शिवाय उलटलेला रोग बहुतेकदा ठरलेल्या तपासणीत सापडतच नाही, दोन भेटींच्या मधल्या काळात बाईलाच काहीतरी जाणवते. अशा वेळी ती आधी कुणाकडे जाणार? गावातल्याच डॉक्टरकडे.

खरी अडचण कागदाची आहे. तुम्हाला कोणती केमो दिली, असे विचारले तर पुष्कळ जणी सांगतात, ‘लाल सलाईन.’ ते बहुधा डॉक्सोरुबिसिन. त्याचा एकूण डोस जितका जास्त, तितका हृदयाचे स्नायू दुबळे होण्याचा धोका मोठा, आणि तो कित्येक वर्षांनीही उपटतो. हे ठाऊक नसलेला डॉक्टर जिना चढताना लागणारी धाप वयाच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. टॅमॉक्सिफेन ही रोग उलटू नये म्हणून दिली जाणारी हार्मोनरोधक गोळी चालू असलेल्या बाईला पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर गर्भाशयाची तपासणी लगेच हवी. अशाच दुसऱ्या काही गोळ्यांनी हाडे ठिसूळ होतात. कॅनडातल्या डॉक्टरांच्या हातीसुद्धा एक पानी मार्गदर्शिका दिली होती, हे विसरू नये.

त्या पानावर काय करू नये हेही असावे. कुठलीच तक्रार नसताना दरवर्षी पेट (PET) स्कॅन किंवा ट्यूमर मार्कर, म्हणजे कर्करोगाच्या खुणा शोधणारी रक्तचाचणी करण्याची शिफारस नाही. लॅबची पॅकेजे मात्र जोरात खपतात.

सगळ्याच कॅन्सरना हा हिशेब लागू नाही, आणि शंका आली की तज्ज्ञाकडे परतीची वाट तातडीने उघडी हवी. तूर्तास उपचार संपताना एवढे लिहून मागून घ्या: औषधांची नावे, एकूण डोस, रेडिएशन कोणत्या बाजूला, गोळी कधीपर्यंत. त्याची एक झेरॉक्स फॅमिली डॉक्टरकडे ठेवा.