लायसन्स की नसली तरी लॅपटॉपवर मूळ विंडोज टाकता येते

सांगली-मिरजेत लॅपटॉप फॉरमॅटला दिला आणि लायसन्स की (विंडोजच्या लायसन्सचा कोड) हरवलीय म्हटलं, की काही ठिकाणी नव्या कीचे पैसे सांगतात, नाहीतर क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवाय चालवलेली बेकायदा विंडोज, टाकून देतात. बहुतेकांना दोन्हींची गरज नसते. २०१२ मध्ये विंडोज ८ आली, तेव्हापासून कंपनीकडून विंडोजसह आलेल्या मशीनची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेली असते. तिचे पैसे तुम्ही खरेदीतच भरलेले आहेत.

पात्र कोण? विंडोज १० वा ११ सह विकत घेतलेली मशीन, किंवा जिच्यावर अस्सल विंडोज १० वा ११ आधी ॲक्टिव्हेट झाली होती, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून लायसन्सची खात्री झाली होती, ती. डॉस किंवा लिनक्ससह घेऊन पुढे क्रॅक टाकलेली मशीन यात बसत नाही. विंडोज ७ च्या स्टिकरवरची किंवा विंडोज ८ ची की २०२३ च्या सप्टेंबरपासून १० वा ११ ला चालत नाही.

फॉरमॅटआधी सेटिंग्जमध्ये विंडोजची आवृत्ती होम आहे की प्रो, ते पाहून लिहून ठेवा. चुकीची आवृत्ती टाकली तर ॲक्टिव्हेशन होत नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. फोटो, कागदपत्रं दुसरीकडे काढून घ्या. बिटलॉकर (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून घ्या. ऐनवेळी मशीनने ती मागितली आणि हाताशी नसली, तर ड्राइव्हवरचा डेटा उघडत नाही.

मग मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल मोफत घेऊन किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करा. इन्स्टॉल करताना की मागितली, तर खालचा ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय निवडा आणि लिहून ठेवलेली आवृत्ती घ्या. इंटरनेट जोडल्यावर ॲक्टिव्हेशन आपोआप होते. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे मशीनमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि विंडोज ११ ला चालणारा प्रोसेसर असेल तर ११ च टाका. १० चं लायसन्स ११ ला चालतं.

कागदपत्र म्हणाल तर एकच, खरेदीचं बिल, आणि तेही ॲक्टिव्हेशन अडलं तरच. आधार-पॅन कुणालाही देऊ नका.

२०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात भिजलेल्या मशीनचं मात्र वेगळं आहे. बोर्ड बाहेर बदलून घेतला असेल तर की जुन्या बोर्डाबरोबर गेली. आधी मायक्रोसॉफ्ट खातं जोडलेलं असेल, तर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडून पाहा. त्यानेही जमलं नाही, तर बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा आणि मगच नव्या लायसन्सचा खर्च करा.