पुणेकराचा चहा आणि गाब्रोवोचं मांजर

पुणेकरांवरचा 'चहा घेऊनच आला असाल!' हा विनोद व्हॉट्सॲपवर पुन्हा आला की खाली कुणीतरी हमखास लिहितो, 'हा विनोद नाही, अनुभव आहे.' मला कुतूहल आहे ते या 'अनुभवा'चं.

१९७६ साली हॅमिल्टन आणि गिफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. प्रत्येक वाक्यात एका माणसाचं एक वागणं. 'अ' गटाची १८ चांगली, ८ वाईट. 'ब' गटाची ९ चांगली, ४ वाईट. भागाकार करून बघा, प्रमाण अगदी सारखं. तरी वाचणाऱ्यांनी नावं ठेवली ती 'ब'लाच. एकूण १२ वाईट वागण्यांपैकी जवळपास निम्मी त्यांनी 'ब'च्या खात्यावर टाकली. होती फक्त चार!

असं का? 'ब'ची माणसं कमी, वाईट वागणंही कमी. दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की त्या डोळ्यांत भरतात, आणि नंतर आपण मोजत नाही, आठवतो. गंमत म्हणजे दुसऱ्या प्रयोगात चांगलं वागणं विरळ ठेवलं, तर 'ब' गटच अधिक भला ठरला. म्हणजे मुळात आकस नव्हताच. पुढे काहींनी आक्षेप घेतला, की यात स्मृतीचा विशेष दोष नाही. नमुना लहान असला की प्रमाणाचा अंदाज आपोआप निम्म्याकडे सरकतो. हा वाद मिटलेला नाही. अमावास्येचे अपघात तेवढे लक्षात राहतात ते बहुधा याच वाटेनं. चंद्राचा त्यात काही हात नाही.

पण पुणेकराच्या वाट्याला चहाच का, बावळटपणा का नाही? ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ क्रिस्टी डेव्हिस यांनी देशोदेशींचे असे विनोद जमवले. बावळटपणाचे विनोद बहुधा जवळच्याच, पण काठावरच्या लोकांवर होतात: फ्रेंचांचे बेल्जियनांवर, इंग्रजांचे आयरिशांवर. त्याच्या उलट टोकाला हिशेबी, चिक्कू माणूस. तिथे स्कॉटिश बसतात. पुणेकर काठावरचा कधीच नव्हता, त्यामुळे तोही तिथेच जाऊन बसला, असं मला वाटतं. सरदारजींवरच्या विनोदांचं प्रकरण मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कारण तिथे हसणारे बाहेरचे होते.

पुणेकर स्वतःच पाट्यांचे फोटो पाठवतात. बल्गेरियातलं गाब्रोवो गाव तर याच्याही पुढचं. तिथले लोक म्हणे मांजराची शेपटी कापतात, म्हणजे ते आत येताना दार लवकर लावता येतं आणि घरातली ऊब वाचते. गावानं चिडण्याऐवजी १९७२ साली १ एप्रिलला विनोदाचं संग्रहालय उघडलं, आणि बिनशेपटीचं मांजर हीच आपली खूण करून टाकली.