तपकिरी डाग: पाळीच्या टोकाचा आणि दोन पाळ्यांच्या मधला

निकरवर चॉकलेटी डाग दिसला की पहिला प्रश्न पडतो: ही पाळी आली की दुसरंच काही? रक्त म्हणजे लाल, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की तपकिरी दिसलं की ते ‘खराब रक्त’ वाटायला लागतं. तसं काही नसतं. पण हे डाग दोन तऱ्हेचे असतात आणि दिसायला अगदी सारखे. एक पाळीला चिकटून येतो, दुसरा दोन पाळ्यांच्या मधेच कुठेतरी.

आधी रंगाचं बघू. खरचटलेल्या गुडघ्यावर रुमाल दाबून धरलास तर त्यावरचा डाग लालभडक असतो. संध्याकाळी तोच रुमाल बघ, डाग तपकिरी झालेला असतो. रक्ताला लाली देणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं. ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया होते आणि रंग गडद होत जातो. रक्त गर्भाशयातून सावकाश उतरलं की हेच वाटेत घडतं. रात्रभर लावलेलं पॅड सकाळी नीट बघितलंस तर बऱ्याचदा दोन्ही रंग सापडतील: मध्ये लाल, कडेला वाळलेला तपकिरी. रक्त एकच, कडेचं फक्त जुनं.

पाळीच्या टोकाचा डाग असाच होतो. सुरुवातीला आणि शेवटी स्राव कमी असतो, म्हणून रक्त रेंगाळतं. मधल्या दिवसांत जोर वाढला की ते ताजं, लाल येतं. फारच रेंगाळलं तर काळपटसुद्धा दिसतं. पहिल्यावहिल्या पाळीत तर कितीतरी मुलींना नुसते तपकिरी डागच दिसतात, आणि ती पाळीच असते.

मधल्या डागाला स्पॉटिंग म्हणतात. त्याने पॅड भिजत नाही, पँटीलायनरवर भागतं. अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या स्रावात मिसळलं तर ते गुलाबीही दिसतं. बीजांड बाहेर पडायच्या सुमारास हार्मोन्स वरखाली होतात, तेव्हा काहींना असे एखाद-दोन दिवस थोडेसे डाग पडतात. हार्मोनच्या गोळ्या नव्याने सुरू केल्या असतील तरीही पडतात. संसर्ग हेही एक कारण आहे. शरीरसंबंध आला असेल तर गर्भधारणेची शक्यताही धरावी लागते. अवघड वाटलं तरी डॉक्टरांना हे सांगायचंच.

आता खरी गोची. किशोरवयात एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत 21 ते 45 दिवस जाऊ शकतात, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं हा आकडा दर वेळी बदलतो. मग पंचविसाव्या दिवशीचा तपकिरी डाग कुठला म्हणायचा? त्या दिवशी सांगता येत नाही. दोन दिवसांत लाल स्राव सुरू झाला तर तो पाळीचं टोक होता, डाग तिथेच विरला तर मधला. म्हणून रंगापेक्षा तारीख आणि प्रमाण बघ, असं मी म्हणेन. मोजतानाही पहिला दिवस खऱ्या स्रावाचा धरायचा, आदल्या दिवशीच्या ठिपक्याचा नाही.

लाल रंगाचंही हेच. लालभडक रक्ताने घाबरायचं कारण नाही, पण दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजत असेल, 2.5 सेंटीमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडत असतील किंवा सात दिवसांनंतरही रक्त थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जायला हवं, मग रंग कुठलाही असो. पाळी 90 दिवस आलीच नाही तरीही. मधले डाग महिन्यामागून महिना पडत राहिले तर तेही दाखवून घ्यावेत. रंगाकडे बघून जावं असं एकच: स्राव करडा किंवा हिरवट आणि त्याला घाण वास, बरोबर खाज किंवा ओटीपोटात दुखणं. हे बहुधा संसर्गाचं असतं.

कॅलेंडरवर दोनच खुणा पुरतात: डागाला टिंब, स्रावाला फुली. तपासायला गेलीस की डॉक्टर आधी शेवटच्या पाळीची तारीख विचारतात, आणि तेव्हा ‘मागच्या आठवड्यात बहुतेक’ याचा कुणालाच उपयोग होत नाही.