१९३८ सालची न झालेली लढाई

जर-तरच्या इतिहासात रमणाऱ्यांचा एक लाडका प्रश्न आहे: सप्टेंबर १९३८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग जर्मनीला देऊन टाकणारा म्युनिकचा करार झालाच नसता आणि हिटलरच्या फौजेला चेकोस्लोव्हाकियाच्या तटबंदीवर खरोखरच चालून जावं लागलं असतं, तर? वाद बहुतेकदा काँक्रीटच्या जाडीवरून पेटतो. माझ्या मते जाडी दुय्यम आहे. ही तटबंदी किती दिवस टिकली असती आणि तेवढ्या दिवसांत कोण मदतीला आलं असतं, एवढंच पाहायचं.

ती बांधली होतीही दिवस मिळवायलाच. फौजेची जमवाजमव पूर्ण होईपर्यंत आणि १९२४ च्या कराराने बांधलेला फ्रान्स हालचाल करेपर्यंत शत्रूला सीमेवर अडवून धरायचं, हा हिशेब. १९३५ मध्ये काम सुरू झालं, माजिनो रेषेचा, म्हणजे आपल्या सीमेवरच्या तटबंदीचा, अनुभव असलेल्या फ्रेंचांचा सल्ला घेतला गेला, आणि तीन-साडेतीन वर्षांत सुमारे १० हजार छोटे बंकर आणि अडीचशेहून अधिक मोठे बुरूज उभे राहिले.

यातला छोटा बंकर जवळून पाहण्यासारखा आहे. आत फार तर सात माणसं, हाताने फिरवायचा पंखा, मागच्या बाजूला दार. शत्रूकडे तोंड केलेल्या भिंतीला मात्र एकही भोक नाही; तिच्यावर दगडमातीचा ढीग रचलेला. मशीनगनच्या खिडक्या डाव्या-उजव्या अंगाला. म्हणजे समोरून येणाऱ्यावर तुम्ही गोळी झाडायचीच नाही, त्याला शेजारच्या बंकरने आडवा मारायचा आणि शेजाऱ्यासमोरचा तुम्ही. एकमेकांवर विसंबून असलेली ही साखळी तोफांना दाद देणारी नव्हती. पण एक कडी तुटली की शेजारचा उघडा पडणार, हेही त्यातच आलं.

दुसरी उणीव जास्त बोचरी. डोंगरातल्या मोठ्या किल्ल्यांचं बांधकाम झालं होतं, पण त्यांच्यासाठी ठरलेल्या तोफा पोचल्याच नव्हत्या. त्यात मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत गेला आणि दक्षिणेची, जेमतेम बांधलेली बाजू एका रात्रीत आघाडी झाली. मला हल्ला करायचा असता तर मी तिथूनच केला असता. जर्मन सेनापतींनाही तेच सुचलं: उत्तरेच्या जर्मन सायलेशियातून खाली, ऑस्ट्रियातून वर, आणि देशाच्या मधल्या मोराव्हिया प्रांताचा गळा आवळायचा. हिटलरला मात्र रणगाडे घेऊन थेट पश्चिमेकडच्या प्लझेन शहराकडे मुसंडी मारायची होती. ९ सप्टेंबरच्या रात्री न्यूरेंबर्गला त्यावरून चांगलीच खडाजंगी झाली. त्याचे बहुतेक रणगाडे तेव्हा हलके होते, तर मोठ्या बुरुजांत श्कोडा या चेक कारखान्याच्या ४७ मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफा होत्या.

२३ सप्टेंबरला चेक सरकारने सार्वत्रिक जमवाजमव पुकारली आणि काही दिवसांत दहा लाखांवर माणसं शस्त्रं घेऊन उभी राहिली. तिकडे जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचा प्रमुख लुडविग बेक ऑगस्टमध्येच राजीनामा देऊन बसला होता, आणि हल्ल्याचा हुकूम सुटताच हिटलरला पकडायचं, असा कट काही जर्मन अधिकाऱ्यांत शिजत होता. कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना हा धागा फार मोहात पाडतो.

युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात कायटेल आणि मानस्टाइन हे दोघेही जर्मन सेनापती म्हणाले, की ती तटबंदी फोडायची साधनं आमच्याकडे नव्हती. ही साक्ष सगळे उद्धृत करतात. पण कायटेल तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात होता, हे विसरून चालत नाही. आमचा युद्धाचा इरादा नव्हता, असं दाखवण्यात त्याचा फायदा होता. माझा अंदाज: उत्तरेला आठवडे लागले असते, दक्षिणेला काही दिवसच. आणि फ्रेंच फौज माजिनोमागून बाहेर पडली नसती, तर उत्तरेचे ते आठवडेही वायाच गेले असते.

प्रत्यक्षात एक गोळीही न झाडता हे बंकर जर्मनांच्या ताब्यात आले. जर्मनांनी त्यांच्यावर तोफा आणि स्फोटकं आजमावून पाहिली, आणि १० मे १९४० रोजी बेल्जियमच्या एबेन-एमेल किल्ल्याच्या छतावर ग्लायडरमधून उतरलेल्या तुकडीनेही आधी इथेच सराव केला होता.