बूस्टरच्या दिवशी दोन प्रश्न

‘याचे बाबाही तिसऱ्या वर्षी बोलले’ हे न ऐकलेला बालरोगतज्ज्ञ विरळाच. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरी गाठतात, हे खरंच आहे. पण नेमकं कोणतं मूल गाठेल हे दोन वर्षांच्या वयात खात्रीनं सांगता येत नाही. श्रवणदोष असेल, तर वाट बघण्यात गेलेले महिने महागात पडतात.

म्हणून आधी कान तपासायचे. ‘ताट पडलं की दचकतो की!’ दचकेलच, कमी ऐकू येणारी कित्येक मुलंही दचकतात. वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येत नसतील, तर शब्दांतले ‘स’, ‘श’ गळतात आणि ‘साखर’ कानी पडते ती ‘आखर’ होऊन. पाठीमागून टाळी वाजवून केलेली परीक्षाही फसवी असते, कारण मूल सावली बघून किंवा आईची नजर बघूनही वळतं. म्हणून यंत्रानं तपासतात. ओएई चाचणीत कानात छोटं बूच ठेवून आवाज सोडतात. आतल्या कानातल्या पेशी धडधाकट असतील, तर त्या उलट बारीकसा आवाज करतात आणि यंत्र तो टिपतं. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूचं काम बघायला बेरा चाचणी करतात.

अशी मुलं हेरायला आरोग्य केंद्राला वेगळा मुहूर्त नको. सोळा ते चोवीस महिन्यांत डीपीटी लशीचा बूस्टर, म्हणजे वाढीव डोस, आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतोच. तेव्हाच नर्सताईंनी विचारावं: ‘किती शब्द बोलतो? हवं ते बोटानं दाखवतो का?’ सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘दूध दे’सारखी दोन शब्दांची जोडी नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर पुढे पाठवायलाच हवं. बोट दाखवत नसेल, हाकेला बघत नसेल, तर स्वमग्नतेचाही (ऑटिझम) विचार करावा लागतो.

पाठवायचं कुठे? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग संस्थाही आहे.

वेखंड चाटवून बोलणं लवकर येत नाही. जिभेखालचा पडदा कापूनही नाही. त्याचा संबंध फार तर काही उच्चारांशी. मोबाइल मात्र दोन वर्षांपर्यंत नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. घरात मराठीसोबत कोकणी किंवा हिंदी बोलत असाल, तर एक भाषा बंद करू नका. दोन भाषांमुळे वाचा लांबत नाही. शब्द मोजताना दोन्हींतले धरा.