टॅब्लेटवरील ॲम्प सिम्युलेटर

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज पेडल (पायाने चालवायचे, आवाजाचे रूप बदलणारे उपकरण), ॲम्प्लिफायर (ॲम्प) आणि स्पीकर कॅबिनेट यांच्या साखळीतून घडतो. ही साखळी गणिती प्रतिमानांच्या आधारे टॅब्लेटवर उभी करणाऱ्या ॲपला ॲम्प सिम्युलेटर म्हणतात. प्रस्तुत नोंदीत केवळ मंचावरील वादनाचा विचार केला आहे. घरचा सराव आणि ध्वनिमुद्रण यांच्या गरजा वेगळ्या व पुष्कळशा सैल असतात.

उगम : या तंत्राचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. काही जण तो बॉस्टन या रॉक गटाचे गिटारवादक टॉम शोल्झ यांच्या रॉकमन या हेडफोन ॲम्पपर्यंत (१९८० च्या दशकाचा आरंभ) व टेक २१ या कंपनीच्या सॅन्सॅम्प पेडलपर्यंत (१९८९) मागे नेतात. दोन्ही उपकरणे ॲनलॉग परिपथांवर चालत. दुसरा पक्ष रोलँड कंपनीचे व्हीजी-८ हे गिटार उपकरण (१९९५) आणि लाइन ६ कंपनीचा ॲक्सिस २१२ हा ॲम्प (१९९६) यांपासून, म्हणजे डिजिटल प्रतिमानापासून, सुरुवात मानतो. टॅब्लेटवरील ॲप याच डिजिटल परंपरेत येत असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि ॲम्प न नेता थेट मिक्सरला जोडून वाजवण्याची वाट रुळवण्यात सॅन्सॅम्पचा वाटा मोठा आहे, आणि तो वजा करून हा इतिहास सांगता येत नाही. लाइन ६ चा पॉड (१९९८) आणि संगणकावरील ॲम्प्लिट्यूब ही आज्ञावली (२००२) हे यापुढचे टप्पे होत.

ॲपलचा आयपॅड एप्रिल २०१० मध्ये बाजारात आला. आयके मल्टिमीडियाचे आयरिग (गिटार उपकरणाला जोडणारा सांधा) व त्यासोबतचे ॲम्प्लिट्यूब ॲप, तसेच ॲम्पकिट हे दुसरे ॲप, हे सर्व त्याच वर्षीचे. त्यांतले पहिले कोणते, हे काढत बसण्यात फारसे हशील नाही. गोरिलाझ या ब्रिटिश गटाने २०१० च्या अमेरिका दौऱ्यात बव्हंशी आयपॅडवर केलेल्या ‘द फॉल’ या संग्रहाचा दाखला या संदर्भात दिला जातो. पण ते ध्वनिमुद्रण होते. मंचवादनाचा पुरावा म्हणून ते पुढे करणे योग्य नव्हे. डिजिटेकच्या आयपीबी-१० (२०११) या पेडलबोर्डाबाबतही (अनेक पेडलांची फळी) काळजी घ्यावी. त्यात आयपॅड बसवण्याची खाच होती, परंतु ध्वनीवरील प्रक्रिया पेडलबोर्डातच होई आणि आयपॅड काढून घेतला तरी वादन चालू राही. म्हणून त्याला या प्रकारात धरू नये.

जोडणी : पहिल्या पिढीच्या साधनांत गिटारचा संकेत टॅब्लेटच्या हेडफोन खाचेतूनच आत-बाहेर जाई. एकाच प्लगमध्ये येणारा व जाणारा संकेत शेजारी असल्याने बाहेरचा आवाज आत झिरपे, आणि गेन (संकेताची वाढ) वाढवताच शिट्टी सुरू होई. शिवाय गिटारच्या चुंबकीय पिकअपला (तारेचे कंपन टिपणारा भाग) साधारण १ मेगओहम रोधाचा इनपुट लागतो. तो कमी पडला की वरच्या पट्टीतले तेज मरते, आणि मग ॲपमधली कोणतीही कळ फिरवून ते परत येत नाही. ‘ॲपचा टोन मेलेला आहे’ ही तक्रार पुष्कळदा खरे तर या पहिल्या सांध्याची असते. डिजिटल इंटरफेस (गिटारचा संकेत आकड्यांत बदलून टॅब्लेटला देणारी पेटी) आल्यावर हे दोन्ही दोष बव्हंशी गेले.

लेटन्सी : तार छेडल्यापासून आवाज कानी पडेपर्यंतचा विलंब. सेकंदाला ४४,१०० नमुने घेताना १२८ नमुन्यांचा बफर (प्रक्रियेपूर्वी एकत्र साठवलेला गट) सुमारे २.९ मिलिसेकंद खातो. आत व बाहेर धरून ५.८ होतात, आणि रूपांतरणाचा वेळ वेगळा. ध्वनीला हवेतून ३ मीटर जायला जवळपास ९ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ॲम्पपासून चार पावलांवर उभा असलेला वादकही एवढा विलंब रोज सोसत असतो. अँड्रॉइडवर आरंभी हा विलंब वादन अशक्य करण्याइतका असे. आवृत्ती ८.० मधील एऑडिओ या ध्वनी-व्यवस्थेने (२०१७) सुधारणा झाली, तरी उपकरणागणिक फरक राहतोच. ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकर या कामाला सर्वथा निरुपयोगी. ब्लूटूथ फूटस्विच मात्र चालतो, कारण त्यातून ध्वनी जात नाही, फक्त प्रीसेट (आधी साठवलेली आवाजाची मांडणी) बदलण्याचा आदेश जातो.

मंचावरील मांडणी : टॅब्लेट माइकच्या स्टँडला क्लॅम्पने अडकवतात. इंटरफेसमधून डीआय बॉक्स (संकेत मिक्सरला जुळवून देणारी पेटी) आणि तेथून मिक्सर, असा मार्ग असतो. चार्जर लावताच घरघर सुरू झाली तर डीआय बॉक्सवरील ग्राउंड लिफ्टची (भूजोडणी तोडण्याची) कळ आधी पाहावी. पीएला (सभागृहाच्या ध्वनिक्षेपक यंत्रणेला) जोडताना कॅबिनेटचे प्रतिमान चालू ठेवावे. खऱ्या गिटार ॲम्पच्या इफेक्ट्स रिटर्नला (ॲम्पच्या अंतिम टप्प्यात थेट शिरणारी खाच) जोडताना ते बंद करावे, अन्यथा आवाज दोनदा कॅबिनेटमधून गेल्यासारखा कोंदट होतो. हेडफोनवर बेतलेले प्रीसेट मोठ्या आवाजात बहुधा खालच्या पट्टीत गुरगुरतात व वर टोचतात, म्हणून ते साउंडचेकलाच नव्याने बसवावे लागतात. विमान मोड आणि गाइडेड ॲक्सेस (आयपॅडला एकाच ॲपवर अडकवून ठेवणारी सोय) चालू ठेवणे हा सर्वमान्य प्रघात आहे.

टिकाऊपणा : २०१७ मधील आयओएस ११ ने ३२-बिट ॲपे बंद केली, तर २०१८ च्या आयपॅड प्रोमधून हेडफोन खाच गेली. त्यामुळे बरीच जुनी ॲपे आणि जोडण्या निकामी झाल्या. कार्यक्रम तोंडावर असताना प्रणाली अद्ययावत करण्याचे वादक म्हणूनच टाळतात.